घाऊक सदरा आणि घरचे भरतकाम

कामगारांच्या सदऱ्यांवर कारखान्याचे नाव भरून देण्याचा घरगुती धंदा वरवर सोपा वाटतो. परंतु त्याचे यश सुईइतकेच सदऱ्याच्या खरेदीवर अवलंबून असते. चादरींचे सोलापूर हे गणवेशनिर्मितीचेही केंद्र आहे. तेथून घाऊक माल घेताना केवळ डझनाचा भाव पाहू नये. आधी एक नग आणून त्यावर नाव भरावे व तो धुऊन पाहावा. सुती कापड आटते, भरतकामाचा पॉलिस्टर धागा आटत नाही; मग अक्षरांभोवती चुण्या पडतात. टेरिकॉट त्या मानाने कमी आटते. मापेही गिऱ्हाइकाकडून आधीच लिहून घ्यावीत, कारण नाव भरलेला सदरा दुसऱ्याला विकता येत नाही. सदरा 250 रुपयांचा आणि मजुरी 25 रुपये धरली, तर एक सदरा बिघडताच दहा सदऱ्यांची मेहनत बुडते. अर्थशास्त्राच्या तासाला ऐकलेली ‘जोखीम’ आमच्यासारख्या घरांत अशी धुण्याच्या बादलीत दिसते.