प्लेगच्या जंतूची वंशावळ व इस्सिक-कूलचे मृत्युलेख

पोथ्यांच्या प्रती ताडून पाहतांना एक नियम आम्ही नेहमीं पाळतों. शुद्ध पाठ सर्वत्र सारखाच असावयाचा, म्हणून त्यावरून प्रतींचें नातें कळत नाहीं. परंतु एकच विशिष्ट अशुद्ध दोन प्रतींत आढळलें, तर त्या एकाच आदर्शावरून उतरल्या असाव्या, असें अनुमान निघतें. जंतुशास्त्रज्ञ हाच नियम रोगजंतूंस लावितात. त्यापासून इतिहासास झालेला एक लाभ येथें संक्षेपानें देतों.

प्लेगच्या जंतूचें, म्हणजे येर्सिनिया पेस्टिसचें, डीएनए ही चारच वर्णांत लिहिलेली सुमारें ४६ लक्ष अक्षरांची पोथी होय. एका जंतूचे दोन होतात तेव्हां तिची नक्कल होते. क्वचित् एखादें अक्षर चुकतें, व तो प्रमाद पुढील संततींत उतरतो. अशा समान प्रमादांवरून शाखा ठरतात. कांहीं जातींचे जंतु परक्या कुळांतील जनुकें उचलतात. मिश्र प्रतींप्रमाणें त्यांची वंशावळ लावणें कठीण. प्लेगच्या जंतूंत हा संकर अल्प असल्यानें ती बरीच स्वच्छ लागते.

किरगिझस्तानांत इस्सिक-कूल सरोवराच्या परिसरांतील जुन्या ख्रिस्ती दफनभूमींचें उत्खनन १८८५ ते १८९२ या काळांत झालें. तेथील सिरियाक लिपींतील मितीच्या ४६७ शिळांपैकीं ११८ एकट्या १३३८-३९ या दोन वर्षांच्या आहेत. त्यांतील कांहींवर मृत्यूचें कारण "मौताना", म्हणजे मरी, असें कोरलेलें आहे. मरी कोणती, हें मात्र शिळा सांगत नव्हत्या. कारा-जिगाच येथील तिघा मृतांच्या दांतांत प्लेगचा जंतु सांपडल्याचें २०२२ सालीं प्रसिद्ध झालें. वंशावळींत त्याची जागा, १३४७ पासून युरोपांत पसरलेल्या "काळ्या मृत्यू"च्या जंतूच्या वर, पूर्वजाची ठरली. त्यापासून फुटलेल्या एका शाखेच्या वंशजांनींच १८९६ सालीं मुंबईंत व पुढें पुण्यांत हाहाकार उडविला.

शिळेनें मिती दिली, पण रोगाची ओळख दिली नाहीं. जंतूनें ओळख पटविली, पण मिती त्यावर कोरलेली नव्हती. दोन्ही साक्षी जुळल्या तेव्हां निर्णय झाला. आपल्या दप्तरांतही नुसता "मरी" शब्द आला असतां त्यावरून रोगाचें नांव ठरविण्याची घाई करूं नये.

आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष वाटते. हे दांत उत्खननानंतर सेंट पीटर्सबर्ग येथील संग्रहालयांत जपले गेले. त्यांतील लेख वाचण्याची विद्या तेव्हां कोणासही नव्हती. जें आज वाचतां येत नाहीं तेंही जतन करावें, हा संग्राहकाचा धर्म येथें सफल झाला आहे.