तक्रार तोंडी नको, लेखी करा

प्रवेश रद्द केल्यावर कॉलेज मूळ मार्कशीट अडवून ठेवते, फी परत द्यायला टाळाटाळ करते, निकाल महिनोन्‌महिने लागत नाही. अशा वेळी विद्यार्थी बहुधा ऑफिसच्या खिडकीशी हुज्जत घालून परततात. त्या हुज्जतीची नोंद कुठेच होत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि ऑनलाइन अर्जाची सोय हवी. पोर्टलवरची तक्रार 15 दिवसांत समितीकडे जायला हवी. समितीने 15 कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा. तो पटला नाही, तर 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. हे पद निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीशांकडे असते.

मात्र नुसते ‘मार्क कमी पडले’ एवढ्यावर लोकपाल उत्तरपत्रिका उघडत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठोस गडबड किंवा भेदभाव दाखवावा लागतो. म्हणून आधी तपासलेली उत्तरपत्रिका बघा. माहिती अधिकारात तो हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच मान्य केला आहे.

रॅगिंगसाठी 1800-180-5522 ही हेल्पलाइन आहे. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे, तीन महिन्यांच्या आत.

अर्जात तारखा, पावती क्रमांक आणि नेमकी मागणी लिहा. रागाचे परिच्छेद गाळा, ते कोणी वाचत नाही. आवक-जावक विभागातून पोच घेतल्याशिवाय मात्र हलू नका.