शिडाइतकाच पाना

शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय पथक भूदलाच्या कोअर ऑफ इंजिनिअर्सचे होते. त्यांची 37 फुटी ‘तृष्णा’ 1985 च्या सप्टेंबरात मुंबईहून निघाली आणि 1987 च्या जानेवारीत मुंबईला परतली. याच कोअरचे कॉलेज ऑफ मिलिटरी इंजिनिअरिंग आपल्या दापोडीत आहे. पूल उभारणाऱ्या, यंत्रे उघडून पुन्हा जोडणाऱ्या माणसांनी हा मान आधी मिळवला, यात मला योगायोग दिसत नाही. बेटाबेटांतून शिडाने हिंडायचे म्हटले की निळे पाणी आणि माडांची रांग डोळ्यांपुढे येते. पण त्या प्रवासातले कितीतरी तास हातात पाना धरून जातात. म्हणूनच ज्या मुलखात ब्रेकडाउन निघाला की जेवणाचा डबा अर्धा ठेवून उठायची सवय आहे, त्या भोसरी-चाकणच्या माणसांनी हा समुद्र परका समजू नये, असे माझे म्हणणे आहे.

लक्षद्वीपचेच पाहा. छत्तीस बेटे, पण सगळी जमीन जेमतेम 32 चौरस किलोमीटर. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या 181 चौरस किलोमीटरच्या हद्दीत ती पाच वेळा मावेल. प्रवाळाचे कडे, आत उथळ संथ पाणी आणि कडेला वाळूची चिंचोळी पट्टी, अशी त्यांची ठेवण. कड्यातल्या खिंडीतून आत शिरायचे ते ऊन डोक्यावर किंवा पाठीशी असताना, कारण तेव्हाच पाण्याचे रंग वाचता येतात: गडद निळे म्हणजे खोल, फिकट हिरवट म्हणजे वाळू, तपकिरी डाग दिसला की तिथे प्रवाळ. या वेळी शीड उतरवून छोटे डिझेल इंजिन लावतात. त्या इंजिनाला समुद्राचे पाणी ओढून गार ठेवणाऱ्या पंपात तळहातावर मावेल एवढे रबरी चक्र असते, इम्पेलर. त्याची पाती झिजून तुटली की पाणी थांबते, इंजिन तापते आणि खिंडीच्या मधोमध बंद पडते. आठवड्याभरापूर्वी चार स्क्रू काढून ते चक्र पाहिले होते का, यावर बोट वाचते. चाकणमधला मेंटेनन्सचा कुठलाही माणूस याला प्रिव्हेंटिव्ह म्हणेल आणि पुढच्या कामाला लागेल. निर्जन बेटावर ना दुकान ना वर्कशॉप. जो स्पेअर बरोबर नेला तोच आपला.

मोठ्या सफरींचा अनुभवही हेच सांगतो. अभिलाष टॉमी यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या 2022-23 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत 236 दिवसांनी दुसरा क्रमांक मिळवला. या शर्यतीत आधुनिक इलेक्ट्रॉनिक साधनांना मनाई असते, त्यामुळे सुकाणू सांभाळायला वाऱ्याच्या रोखावर चालणारी विंडव्हेनच हाताशी होती. तिचे पाते निकामी झाल्यावर त्यांनी शौचालयाचे दार कापून नवे केले. त्याआधी 2018 मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांची ‘तारिणी’ पृथ्वीप्रदक्षिणा करून घराकडे येत असताना सुकाणूच बिघडले आणि दुरुस्तीसाठी मॉरिशसच्या पोर्ट लुईला थांबावे लागले. ‘तारिणी’ आणि जिच्यातून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली ती ‘म्हादेई’, या दोन्ही बोटी गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधल्या. लाकडाच्या पट्ट्या, त्यांवर ग्लास फायबर आणि इपॉक्सी. हे सामान आपल्या औद्योगिक पट्ट्यात कुणाला नवे नाही.

यावर कोणी म्हणेल, समुद्र कारखान्यात शिकता येत नाही. खरे आहे. वारा, भरती-ओहोटी, नांगर कुठे धरेल आणि कुठे घसरेल, हे ज्ञान तांडेलाचे. पाना त्याची जागा घेणार नाही. पण ते ज्ञान जन्माने मिळत नाही, सरावाने मिळते. खडकवासल्याला एनडीएचे छात्र धरणाच्या पाण्यावरच शीड शिकतात. आणि पावसाळ्यानंतर कोकणचा वारा नवशिक्याला समजून घेतो: पहाटे जमिनीवरून मतलई, दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे, जवळपास घड्याळासारखे. मांडवा, खांदेरी, मुरूड या टप्प्यांत आधी हात बसू द्यावा. लक्षद्वीप नंतर, रीतसर परवाना काढून, नांगर प्रवाळावर न टाकता वाळूतच टाकण्याची शिस्त अंगी बाणल्यावर.

पैशाचा आक्षेप मला अधिक जड वाटतो. शिडाची बोट स्वस्त नाही, आणि एका पगारात ती होणार नाही हे कबूल करायला हवे. मात्र विकत घेण्याचा खर्च एकदाच येतो, देखभाल दरवर्षी. जो स्वतः पंप उघडतो, फायबरचा तडा भरतो, वायरिंग तपासतो, त्याची मजुरी वाचते. पाचसहा जणांनी मिळून घेतलेली जुनी, छोटी बोट अशा हातांत टिकू शकते. निव्वळ पैसेवाल्याच्या हातात ती धक्क्यावरच सडते.

म्हणून सुरुवात पाण्यावर करण्याची घाई नको. कोकणात पावसाच्या तोंडावर होड्या वर ओढून शाकारतात, त्या नारळी पौर्णिमेच्या सुमारास पुन्हा पाण्यात जातात. त्या मधल्या महिन्यांत बोट कोरडी असते, तिचा तळ उघडा असतो आणि सुकाणूची बेअरिंगे, डोलकाठीच्या तारांची टोके, इंजिनासाठी पाणी घेणाऱ्या झडपा, सगळे हाताशी येते. डोलकाठी धरणाऱ्या तारेचा एकच पदर तुटलेला दिसला तरी अख्खी तार बदलायची असते, आणि तो पदर जुलैत, शेडखाली, बोटांनी चाचपून पाहणाऱ्यालाच सापडतो.