निरीश्वरवाद्याची ईश्वरचिंता

खंडेनवमीला तळोजा औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांत यंत्रे थांबवून, धुऊनपुसून, त्यांवर झेंडूच्या माळा चढविल्या जातात. लेथवर हळदकुंकवाची बोटे उमटतात, दारात नारळ फुटतो, आणि या कर्मकांडावर ज्याचा तिळमात्र विश्वास नाही असा एखादा अभियंताही पायांतील बूट काढून कामगारांच्या रांगेत उभा राहतो. याला दांभिकपणा म्हणणे सोपे आहे. मला ते न्याय्य वाटत नाही. वर्षभर ज्यांच्या खांद्याला खांदा लावून काम केले, यंत्रात बोट सापडण्याचे भय ज्यांच्या मनातून कधीच जात नाही, त्यांना जे पवित्र वाटते त्याविषयी बेफिकीर राहणे म्हणजे त्यांच्याविषयीच बेफिकीर राहणे होय, हे त्याला उमगलेले असते.

ईश्वर नाही असे एकदा ठरल्यावर त्याची चर्चा कशाला, असा सवाल नास्तिकांना नेहमी केला जातो. त्याचा जबाब महाराष्ट्राच्याच दप्तरात आहे. मिल्ल आणि स्पेन्सर यांच्या विचारांवर पोसलेले गोपाळ गणेश आगरकर अज्ञेयवादी होते. तरी १८८८ साली ‘सुधारक’ सुरू केल्यावर देवतांच्या उत्पत्तीपासून केशवपनापर्यंत धर्माचे एकही अंग त्यांनी चिकित्सेवाचून सोडले नाही. कारण विधवेच्या मस्तकावरून फिरणारा वस्तरा न्हाव्याच्या हाती असला, तरी त्यामागचा हुकूम शास्त्राचा होता, आणि शास्त्रावर मोहोर ईश्वराची होती. ती मोहोर तपासल्याखेरीज हुकूम रद्द कसा व्हावा? पुण्यातील सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली.

डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली, तेव्हा ईश्वराच्या अस्तित्वाबाबत ती तटस्थ ठेवली, आणि सारा भर श्रद्धेच्या नावावर होणाऱ्या शोषणावर दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते अनेक वर्षे झटले, त्याचा अध्यादेश त्याच महिन्यात निघाला आणि डिसेंबरात तो विधिमंडळाने मंजूर केला.

परंतु केवळ प्रतिकारासाठीच अश्रद्ध मनुष्य देवाकडे वळतो, असे म्हणणे अपुरे ठरेल. रँग्लर परांजपे यांच्या निरीश्वरवादी घरात वाढलेल्या इरावती कर्वे पंढरीची वाट पायी चालल्या आणि ‘परिपूर्ती’ या संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख त्यातून जन्मला. एकाच विठ्ठलाचे नाव घेणारी माणसे जातवार निराळ्या पंगतींत जेवतात, याची सल त्यांना लागली. आणि ज्या प्रदेशातील लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, हेही त्यांना त्याच वाटेवर जाणवले. आपल्या लोकांची ओळख पटवून घ्यायची तर त्यांच्या देवाला वळसा घालून जाता येत नाही.

आणि दुःखाचा प्रश्न तर कोणाच्याच वाटणीतून वजा होत नाही. झारखंडमध्ये आदिवासींत आयुष्य वेचलेले येशूसंघीय धर्मगुरू स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणी अटक होऊन तळोजा मध्यवर्ती कारागृहात ठेवण्यात आले, तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. कंपवातामुळे पेला हातात ठरत नसे, आणि पाणी पिण्याच्या साध्या नळीसाठीही न्यायालयात अर्ज करावा लागला. तेथून पाठविलेल्या पत्रात त्यांनी कळविले की, एक सहआरोपी आपल्याला जेवायला मदत करतो, दुसरा आंघोळ घालतो, आणि अत्यंत गरीब घरांतले कोठडीतील दोन सोबती कपडे धुऊन गुडघे चोळून देतात. त्या सेवेत श्रद्धा किती आणि निव्वळ माणुसकी किती, याची मोजदाद कोणी करू नये. जामिनाचा निकाल लागण्यापूर्वीच, ५ जुलै २०२१ रोजी, ते मुंबईत रुग्णालयात निवर्तले.

या सोबत्यांसाठी प्रार्थना करा, अशी विनंती त्यांनी त्या पत्रात केली होती. आपण प्रार्थना करीत नाही, म्हणून माझ्यासारख्या वाचकांनी त्या विनंतीकडे पाठ फिरवू नये. आपल्या जिल्ह्यातील तुरुंगात कच्चे कैदी किती आहेत, त्यांचे खटले का तुंबले आहेत, त्यांना वकील आणि औषधपाणी मिळते की नाही, याची विचारपूस तरी आपण अवश्य करावी.