बारा माणसे आणि एक ॲप

मोबाईलचे ॲप तयार करणाऱ्या माणसाचे एक चित्र आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात ठरून गेलेले असते. रात्रीची वेळ, खोलीत एकटाच तरुण, समोर लॅपटॉप आणि शेजारी गार झालेला चहा. सकाळी घरातली मंडळी उठून पाहतात तो ॲप तयार! या चित्रातला चहा तेवढा खरा आहे. एकटेपणा मात्र वरवरचा आहे. तो कसा, हे एका साध्या उदाहरणावरून पाहू.

समजा, तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका तरुणाने दूध संकलन केंद्रासाठी ॲप करायचे मनावर घेतले. काम तसे आटोपशीर आहे. सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येक सभासदाने किती लिटर दूध घातले, फॅट किती लागली, दर काय पडला, हे लिहून ठेवायचे आणि दहा दिवसांनी कोणाचे किती पैसे झाले ते काढून द्यायचे. आज हे सारे जाड वहीत चालते, आणि वहीवरून भांडणेही होतात.

आता या तरुणाला भांडवल किती लागेल? अँड्रॉइडच्या फोनसाठी ॲप करण्याचे साधन, म्हणजे अँड्रॉइड स्टुडिओ, फुकट मिळते. गूगलच्या प्ले स्टोअरवर ॲप ठेवायला एकदाच पंचवीस डॉलर, म्हणजे साधारण दोन हजार रुपयांच्या थोडे वर, भरावे लागतात. ॲपलचे तसे नाही. तिथे वर्षाला नव्याण्णव डॉलर आणि वर मॅक संगणक हवा. म्हणूनच आपल्याकडचे बहुतेक नवशिके अँड्रॉइडपासून आरंभ करतात. यात आवडीनिवडीचा प्रश्न फारसा नाही, खिशाचा आहे.

परंतु हे झाले दुकानात जागा मिळवण्याचे पैसे. खरे भांडवल वेगळेच असते, आणि ते त्याने मिळवलेले नसते. दुधाच्या नोंदी फोनमध्ये साठवायच्या तर त्यासाठी एस्‌क्यूलाइट नावाचा तयार संग्राहक आहे. रिचर्ड हिप या अमेरिकन गृहस्थांनी तो २००० साली बाहेर काढला. अमेरिकन आरमाराच्या एका युद्धनौकेच्या संगणकांचे काम करीत असताना त्यांना ही कल्पना सुचली. त्यावर त्यांनी मालकीहक्क राखलेला नाही. ज्याला हवा त्याने घ्यावा, विचारायचेही कारण नाही. आज तो प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आणि प्रत्येक आयफोनमध्ये आहे. युद्धनौकेपासून निघालेली वस्तू गवळ्याच्या हिशेबाला यावी, यात गंमत नाही असे कोण म्हणेल?

अक्षरांचेही तसेच. मराठी अक्षर पडद्यावर नीट उमटायला चांगला फाँट लागतो. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी काढलेला 'मुक्ता' फाँट मोकळ्या परवान्यावर मिळतो. तो ॲपमध्ये घालून द्यायला हरकत नसते, मात्र नुसता फाँट सुटा विकता येत नाही. 'दुसऱ्या' किंवा 'वाऱ्यावर' या शब्दांतला आपला तो आडवा र पाहा. हा र मराठीचा खास. युनिकोड या जागतिक लिपी-संकेतात कुणीतरी आठवणीने त्याची सोय करून ठेवली, म्हणून तो आज फोनवर लिहिता येतो. मराठीत महिन्यांची नावे, वारांची नावे, तारीख लिहिण्याची रीत, एकवचन-अनेकवचन कुठे बदलते, हे सगळे सीएलडीआर नावाच्या एका सामायिक संग्रहात नोंदलेले असते. कंपन्यांची माणसे आणि हौशी लोक मिळून तो वर्षानुवर्षे भरत आले आहेत. आणि या सगळ्याच्या बुडाशी आहे लिनक्स. १९९१ साली हेलसिंकीच्या एका विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्‌सने, सुरू केलेले काम.

तुम्हाला हे पडताळून पाहायचे असेल तर तुमच्याच फोनच्या सेटिंगमध्ये जा, 'फोनविषयी' या सदरात कायदेशीर माहिती शोधा आणि तिथली ओपन सोर्स परवान्यांची यादी उघडा. बोट दुखेपर्यंत सरकवा, यादी संपत नाही. ज्यांची फुकट मेहनत आपण दिवसभर वापरतो, त्यांचे ऋण तिथे बारीक टाइपात नोंदलेले आहे. ही नोंद ठेवणे हीच बहुतेक परवान्यांची अट असते. काही परवाने याहून कडक असतात. आमचे घेऊन तुम्ही जे कराल आणि लोकांना द्याल, तेही तुम्ही असेच मोकळे ठेवा, असे ते सांगतात. नवशिक्याने हे परवाने वाचावेत. कंटाळवाणे असतात, पण लांबीने फार नसतात.

अडले की विचारायचे कुणाला? २००८ साली जेफ ॲटवुड आणि जोएल स्पॉल्स्की यांनी स्टॅक ओव्हरफ्लो नावाचे प्रश्नोत्तरांचे एक मोठे दालन उघडले आणि जगभरच्या प्रोग्रॅमरांची सोय झाली. तिथली शिस्त मात्र करडी. प्रश्न नीट मांडला नाही की खाली ओढला जातो, आणि नवखा हिरमुसून परत फिरतो. ती शिस्त थोडी मऊ असती तर बरे झाले असते, असे मला वाटते. पण तिच्यातून एक चांगली सवय जडते. जेवढ्याने चूक पुन्हा घडवून दाखवता येईल तेवढाच कोड काढून द्यायचा. असा तुकडा काढता काढता निम्म्या वेळा उत्तर आपले आपल्यालाच सापडते!

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि माणसांना विचारण्याऐवजी लोक यंत्राला विचारू लागले. यंत्र रागावत नाही, खाली ओढत नाही, रात्री दोन वाजताही उत्तर देते. त्या दालनात नवे प्रश्न येण्याचे प्रमाण तेव्हापासून फार घटले आहे. आता यात एक पेच आहे. अशी यंत्रे शिकली ती माणसांनी एकमेकांसाठी लिहून ठेवलेल्या मजकुरावर. उद्या नवी अडचण निघाली आणि तिचे उत्तर चारचौघांत लिहून ठेवायला कुणी उरलेच नाही, तर यंत्राने तरी ते कुठून शिकावे? विहिरीतून सगळेच पाणी शेंदू लागले आणि गाळ काढायला कुणी उतरेना, तशातली ही गत.

गाळ काढणाऱ्यांची स्थितीही फार चांगली नसते. मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' नावाच्या, फायली लहान करणाऱ्या एका साधनात कुणीतरी चोरदरवाजा बसवल्याचे उघड झाले. ते साधन बरीच वर्षे मुख्यतः एकच माणूस फावल्या वेळात सांभाळीत होता आणि थकला होता. मदतीला म्हणून आलेल्या एकाने दोन वर्षे विश्वास संपादन केला आणि मग हा उद्योग केला. तो पकडला गेला तोही कसा, तर आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरला आपल्या संगणकात शिरायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असे जाणवले म्हणून! अर्ध्या सेकंदाचा संशय घेणारी माणसे आहेत तोवर ठीक आहे.

असो. आपल्या तरुणाकडे वळू. त्याचे ॲप तयार झाले. आता ते प्ले स्टोअरवर सर्वांसाठी खुले करायचे. इथे एक नियम आडवा येतो. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्यांनी वैयक्तिक खाते उघडले, त्यांना आधी बंद दाराआड चाचणी घ्यावी लागते. निदान बारा माणसांनी ॲपची चाचणी घ्यायला संमती दिली पाहिजे आणि सलग चौदा दिवस ती कायम ठेवली पाहिजे. पहिल्याने हा आकडा वीस होता, डिसेंबर २०२४ मध्ये तो बारावर आणला.

बारा माणसे म्हणजे काय मोठेसे, असे आपण म्हणाल. शहरात, कंपनीत, मित्रमंडळीत वावरणाऱ्याला ते खरेच काही नाही. पण घरी बसून एकट्याने शिकलेल्याला ही बारा माणसे डोंगराएवढी वाटतात. मग त्याने काढलेली पळवाट अशी, की अनोळखी लोकांचे गट जमवायचे, तू माझे ॲप उतरवून घे, मी तुझे घेतो, आणि चौदा दिवस कुणी कुणाचे उघडूनही पाहायचे नाही. नियम पाळला जातो, चाचणी होत नाही. ही देवघेव निरुपयोगी आहे असे माझे स्पष्ट मत आहे. त्याची बारा माणसे तर त्याच्या गावातच आहेत. रोज सकाळी सहा वाजता किटली घेऊन ती केंद्राच्या दारात उभी असतात.

त्यांच्या हाती ॲप दिल्यावर काय काय निघेल पाहा. कुणाचा फोन सहा-सात वर्षांपूर्वीचा. कुणी चाळिशी लागल्यामुळे फोनवरची अक्षरे मोठी करून ठेवलेली, त्यामुळे 'एकूण रक्कम' हे शब्द बटणाबाहेर गेलेले. केंद्राच्या पत्र्याखाली रेंज नाही, म्हणजे नोंद आधी फोनमध्येच राहिली पाहिजे. आणि ज्या सभासदाने फोनची भाषाच मराठी ठेवली आहे, त्याच्याकडे ॲप जागच्या जागी बंद पडते!

हा शेवटचा प्रकार जरा थांबून पाहण्यासारखा आहे. मराठी निवडलेल्या फोनवर अंक देवनागरीत छापावेत, अशी नोंद त्याच सीएलडीआर संग्रहात आहे. त्याप्रमाणे फॅटचा आकडा पडद्यावर '३.५' असा आला. दाखवण्यापुरते ठीक झाले. पण ॲपने तोच आकडा पडद्यावरून परत उचलला आणि हिशेबाला लावला, तिथे घोटाळा झाला. जावा आणि कोटलिन या ज्या भाषांत अँड्रॉइडची ॲप लिहितात, त्यांत पूर्णांक वाचणारी नेहमीची सोय देवनागरी अंक ओळखते, दशांश वाचणारी ओळखत नाही. 'दहा लिटर' चालते, 'साडेतीन फॅट' म्हटले की धडाम! लिहिणाऱ्याचा स्वतःचा फोन इंग्रजीत असल्यामुळे त्याला हे शंभर वर्षे कळले नसते. उपाय सोपा आहे. हिशेबाचा आकडा वेगळा ठेवावा, दाखवण्याचा वेगळा. आणि माणसाने टाइप केलेला आकडा वाचताना त्या त्या भाषेची रीत जाणणारी 'नंबरफॉरमॅट' ही सोय वापरावी. पण उपाय सोपा असला तरी आजार दाखवणारा माणूस आधी भेटावा लागतो.

अशी माणसे भेटण्याच्या आणखीही जागा आहेत. बर्लिनमध्ये २००९ साली ड्रॉइडकॉन नावाचा अँड्रॉइडवाल्यांचा मेळावा प्रथम भरला आणि पुढे तो देशोदेशी भरू लागला. पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांत गूगल डेव्हलपर ग्रुपच्या बैठका होतात. त्या स्वयंसेवक चालवतात, आणि बहुतेकांना पैसे पडत नाहीत. भाषणे बहुधा इंग्रजीत असतात आणि गावाकडचा मुलगा मागच्या खुर्चीवर गप्प बसून राहतो. त्याला एवढेच सांगावेसे वाटते, की भाषण कळले नाही तरी चहाच्या वेळेपर्यंत थांब. खरे काम तिथे होते, आणि ते मराठीत होते.

ज्यांना प्रोग्रॅमिंग येत नाही अशा वाचकांनाही या कामात जागा आहे. पुष्कळशी मोफत ॲप वेबलेट नावाच्या सामायिक व्यवस्थेतून भाषांतरित होतात, आणि तिथे मराठी भाषांतर करायला शिक्षक, निवृत्त कारकून, गृहिणी, कुणीही चालते. काम दिसते तितके सोपे नाही बरं का! इंग्रजीत 'डिलीटेड' हा एकच शब्द सगळीकडे चालतो. मराठीत नोंद काढली, फोटो काढला, नाव काढले. लिंग बदलले की क्रियापद बदलते, म्हणजे मूळ ॲप लिहिणाऱ्यालाच सांगावे लागते की बाबा, हे वाक्य तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी ठेव. 'सेव्ह करा' लिहावे की 'जतन करा' यावर वाद होतात. मी तरी केंद्रावरचा माणूस जे बोलतो ते लिहीन.

आणि तुमच्याकडे कुणी चाचणीसाठी ॲप घेऊन आला तर 'चालत नाही' एवढेच सांगून त्याला परत पाठवू नका. फोन कोणता, अँड्रॉइड कितवे, भाषा कोणती ठेवली आहे, कोणत्या बटणावर बोट लावले आणि त्यानंतर पडद्यावर काय दिसले, हे सांगा. जमल्यास पडद्याचा फोटो द्या. त्यानेही हे सारे तारखेनिशी वहीत टिपून घ्यावे. चौदा दिवस भरल्यावर ॲप खुले करण्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि त्या अर्जात गूगल विचारते की चाचणी घेणाऱ्यांनी काय सांगितले आणि त्यावरून तुम्ही काय बदललेत. ती उत्तरे लिहिताना वही जवळ असावी.