तेराव्या वर्षी स्वतःच्या नावाचा कार्यक्रम

अमेरिकेतल्या निकलोडियन वाहिनीवर १६ ऑक्टोबर १९९९ रोजी ‘द अमांडा शो’ सुरू झाला, तेव्हा अमांडा बाइन्स अवघी १३ वर्षांची होती. त्याच वाहिनीच्या ‘ऑल दॅट’मध्ये तिने आधीच नाव कमावलं होतं. डॅन श्नायडर यांनी हा प्रहसनांचा कार्यक्रम तिच्याभोवतीच रचला.

त्यातली ‘जज ट्रूडी’ सर्वांत धमाल. न्यायाधीशाच्या खुर्चीत लहान मुलगी, तक्रार मुलांची, पिंजऱ्यात मोठी माणसं आणि निकाल ठरलेला: मुलांच्या बाजूने! मग ट्रूडीच्या हुकुमावरून शेवंडांच्या वेशातले नर्तक न्यायालयात नाचत शिरत. रोज मोठ्यांचं ऐकून घेणाऱ्या मुलांना याहून आवडेल असं काय असणार?

दुसऱ्या प्रहसनातली चष्मेवाली पेनेलोपी टेंट ही अमांडाची कट्टर चाहती. अमांडाला भेटायला ती सतत धडपडे आणि दरवेळी काहीतरी आडवं येई. चाहती आणि तिची लाडकी तारका या दोन्ही भूमिका अमांडाच्याच, त्यामुळे भेट लांबवत नेणं ही लेखनातली खरी हुशारी. एवढ्या कमी वयात आवाज, चाल आणि विनोदाची वेळ यांवर अशी पकड विरळाच.

कार्यक्रम २००२मध्ये थांबला. सहकलाकार ड्रेक बेल आणि जॉश पेक यांची जोडी २००४पासून ‘ड्रेक अँड जॉश’ मालिकेत झळकली. निकलोडियनच्या त्या काळातल्या बालकलाकारांना काय सोसावं लागलं, हे २०२४च्या ‘क्वाएट ऑन सेट’ या माहितीपट-मालिकेत त्यांच्यापैकी काहींनी स्वतः सांगितलं. त्यात ड्रेक बेलही होता.