पेटीवर मींड कशी भासते?

आपल्या धर्मापुरीत भजन म्हटलं की पेटी आलीच. पण याच पेटीवर १९४० साली रेडिओनं बंदी घातली होती. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. एक मोठा आक्षेप होता, पेटीवर मींड निघत नाही. आक्षेप खराच आहे. पट्टी दाबली की सूर ठरला. सा वरून रे कडे घसरत जाता येत नाही. मग आपल्या मराठवाड्याचे अप्पा जळगावकर पेटीवर गायकी वाजवायचे, ती कशी?

बोटांच्या जोरावर. एकाच बोटानं उडी मारली तर मध्ये फट पडते. म्हणून तर्जनी सा वर असतानाच मधलं बोट रे वर ठेवायचं, मग तर्जनी उचलायची. क्षणभर दोन्ही सूर मिसळतात. कानाला मींड भासते. जास्त रेंगाळलात तर मात्र कर्कश लागतं. दुसरा उपाय कणस्वर: ग धरण्याआधी म ला नुसता स्पर्श. आयर्लंडचे अ‍ॅकॉर्डियनवालेही असेच शेजारचे सूर झटकन शिवून जातात.

आणि भाता एकसारखा हवा. हिसका बसला की जोड उघडा पडतो.

घरी सा-रे सावकाश करून बघा. फट ऐकू येईनाशी झाली, की पेटी गायला लागली समजा.